इन्क्युबेटरवर १ टक्का, पेशींपाशी किती?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी सहा वेलच्या (म्हणजे खळग्यांच्या) प्लेटमध्ये वाढवून ट्राय-गॅस इन्क्युबेटरमध्ये १ टक्का ऑक्सिजनवर २४ तास ठेवल्या. वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) हिफ-१ अल्फाची, म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की पेशीत टिकून राहणाऱ्या प्रथिनाची, पट्टी एकदा ठळक आली, पुढच्या दोन्ही वेळा आली नाही. कंट्रोल प्लेट साध्या कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरमध्ये होती आणि नोंदवहीत तिच्यापुढे ‘२१ टक्के’ लिहिलं आहे. अँटिबॉडी बदलावी का, असं विचारलं आहे.

अँटिबॉडी एवढ्यात बदलू नका. एकदा ठळक पट्टी आली, म्हणजे अँटिबॉडी काम करते. गडबड बहुधा पेशींना प्रत्यक्ष मिळालेल्या ऑक्सिजनमध्ये आणि प्लेट बाहेर काढल्यानंतरच्या पाच मिनिटांत आहे. इन्क्युबेटरच्या पडद्यावरचा आकडा हा त्या पेटीतल्या हवेचा आकडा असतो. पेशी हवेत नसतात, मीडियमच्या (त्यांना वाढवणाऱ्या पोषक द्रवाच्या) तळाशी असतात. हा फरक हिशेबात धरला नाही, तर एकच प्रयोग तीनदा करून तीन वेगळी उत्तरं येतात, आणि तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

आधी ते ‘२१ टक्के’ खोडा. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो हे खरं. पण इन्क्युबेटरमधली हवा ३७ अंशांवर पाण्याच्या वाफेने भरलेली असते आणि त्या वाफेचा दाब ४७ मि.मी. पारा असतो. शिवाय ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आपण घालतो. या दोघांनी जागा घेतल्यावर उरलेल्या भागाचे २०.९५ टक्के ऑक्सिजनच्या वाट्याला येतात. समुद्रसपाटीवर ७६० मधून ४७ वजा करा, ०.९५ ने आणि मग ०.२०९५ ने गुणा: सुमारे १४२ मि.मी., म्हणजे १८.६ टक्के.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचावर आहे. इथला हवेचा दाब साधारण ७२० मि.मी. पारा धरायला हरकत नाही. तोच हिशेब ७२० ने केला की १३४ मि.मी. येतात. टक्केवारी १८.६ च राहते, पण पेशीला टक्केवारी कळत नाही, तिला आंशिक दाब कळतो. म्हणून मुंबईतल्या सहकाऱ्याशी आकडे जुळवताना टक्क्यांऐवजी मि.मी. पाऱ्यात बोला. एक सावधगिरी: मोबाइलवरच्या हवामानात जो १०१० हेक्टोपास्कलच्या आसपासचा दाब दिसतो, तो समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला असतो. सोलापुरात प्रत्यक्ष दाब ९६० हेक्टोपास्कलच्या आगेमागे भरतो. सेन्सर कॅलिब्रेट करताना मोबाइलवरचा आकडा टाकला, तर पाच टक्क्यांची चूक पहिल्याच पायरीला शिरते.

दुसरी गोष्ट, हा १३४ मि.मी.चा कंट्रोल शरीराच्या दृष्टीने ‘सामान्य’ नाहीच. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ९० ते १०० मि.मी. असतो, शिरांमधल्या मिश्र रक्तात ४० च्या आसपास, आणि बहुतेक ऊतींमध्ये त्याहून खाली. आपण ज्याला नॉर्मॉक्सिया (सामान्य ऑक्सिजन) म्हणतो, तो बहुतेक पेशींसाठी ऑक्सिजनचा अतिरेक आहे. हायपॉक्सियाचा, म्हणजे ऑक्सिजनच्या कमतरतेचा, अभ्यास करणाऱ्याने निदान एक तिसरा गट ५ टक्क्यांवर ठेवावा. १८.६ विरुद्ध १ ही तुलना खूपदा ‘अति विरुद्ध अत्यल्प’ अशी होते आणि मधलं शरीरशास्त्र निसटून जातं.

आता मुख्य मुद्दा, मीडियमची खोली. ऑक्सिजन पाण्यात फारसा विरघळत नाही आणि पाण्यातून सावकाश सरकतो. साध्या इन्क्युबेटरमध्ये, सोलापूरच्या दाबाला, संपृक्त मीडियममध्ये तो सुमारे १८० मायक्रोमोलर असतो. १ टक्क्यावर (म्हणजे ७.२ मि.मी.) तो जेमतेम १० मायक्रोमोलर उरतो. पृष्ठभागावरून तळाकडे तो विसरणाने जातो आणि ३७ अंशांवर त्याचा विसरण गुणांक साधारण २.७ × १०⁻⁵ चौरस सें.मी. प्रतिसेकंद आहे. तळापर्यंत किती पोचेल हे तीन गोष्टींवर ठरतं: वरच्या आणि तळच्या तीव्रतेतला फरक, हा गुणांक आणि मीडियमची खोली. खोली दुप्पट केली की पुरवठा निम्मा.

सहा वेलच्या प्लेटमध्ये एका वेलचं क्षेत्रफळ ९.५ चौरस सें.मी. असतं. २ मि.ली. मीडियम घातलं की खोली २.१ मि.मी. होते. कर्करोगाच्या पेशींचा ऑक्सिजनचा वापर सेल लाइनगणिक बराच बदलतो, पण हिशेबापुरता दर पेशीमागे सेकंदाला ४० अ‍ॅटोमोल (४० × १०⁻¹⁸ मोल) धरू. वेल भरत आली की त्यात १२ लाखांच्या आसपास पेशी असतात. अशा वेलमध्ये साध्या इन्क्युबेटरमध्येसुद्धा पृष्ठभाग आणि तळ यांत सुमारे ३९ मायक्रोमोलरचा फरक पडतो. वर १८०, खाली १४१. मीडियम ४ मि.ली. घातलं तर खाली १०० च्या आसपास. हे चालून जातं.

पण हाच हिशेब १ टक्क्याला लावा. वरच जिथे १० मायक्रोमोलर आहे, तिथे ३९ चा उतार कुठून आणणार? दोन मिलिमीटर मीडियममधून जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन खाली उतरू शकतो, त्यावर चौरस सें.मी.ला सुमारे ३४ हजार पेशी जगतील, म्हणजे वेलमागे तीन लाखांच्या थोड्या वर. तुमच्या वेलमध्ये त्याहून जास्त पेशी असतील तर तळाशी १ टक्का राहत नाही, जवळजवळ शून्य होतं. पडद्यावर हायपॉक्सिया आणि तळाशी ॲनॉक्सिया. या दोन वेगळ्या अवस्था आहेत. त्यात पेशी वेगळी जनुकं वापरतात आणि मरण्याची वाटही बदलते. प्रत्यक्षात तापमानाच्या बारीक फरकांमुळे मीडियम थोडं ढवळलं जातं आणि ऑक्सिजन अगदी कमी झाला की पेशींचा वापरही उतरतो, त्यामुळे हा आकडा काटेकोर सीमा म्हणून घेऊ नका. पण ‘एकदा पट्टी आली, दोनदा नाही’ यामागे तिन्ही वेळा पेशींची घनता वेगळी होती का, हे नोंदवहीत पहिल्यांदा तपासा. पेरताना मोजलेली संख्या कामाची नाही, हायपॉक्सियात ठेवतानाची मोजा. त्यासाठी एक जादा वेल ठेवा आणि ट्रिप्सिनने पेशी सुट्या करून मोजा.

९६ वेलच्या प्लेटमध्ये हा प्रश्न फार बिकट होतो. तिथे वेलचं क्षेत्रफळ ०.३२ चौरस सें.मी. असतं. १०० मायक्रोलिटरला खोली ३ मि.मी.च्या वर जाते, २०० ला सव्वासहा. वाफ होऊन मीडियम कमी पडेल या भीतीने सगळे २०० घालतात आणि पेशींचा श्वास कोंडतात. १०० वर थांबा. कडेच्या ओळींत पेशी न पेरता पाणी भरा.

वेळही खोलीवरच अवलंबून आहे, आणि खोलीच्या वर्गाच्या पटीत. मीडियम स्थिर असेल तर २ मि.मी.च्या थरात १८.६ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांपर्यंत उतरायला सुमारे ५५ मिनिटं लागतात. सव्वासहा मि.मी.ला हाच वेळ जवळपास नऊ तासांवर जातो. यात पेटीतली हवा बदलायचा वेळ धरलेला नाही. प्लॅस्टिकचाही धरलेला नाही: पॉलिस्टायरीनमध्ये ऑक्सिजन मुरलेला असतो आणि तो तासन्‌तास मीडियममध्ये झिरपत राहतो. म्हणून ‘चार तासांचा हायपॉक्सिया’ असं लिहिलेल्या प्रयोगात खरा हायपॉक्सिया कधीकधी दोनच तासांचा असतो.

यावर उपाय सोपा आहे. उद्या लागणारं मीडियम आज संध्याकाळी रुंद पेट्री डिशमध्ये पातळ थर करून, झाकण थोडं तिरकं ठेवून, हायपॉक्सियाच्या पेटीत रात्रभर ठेवा. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत ते कधीच समतोलाला येत नाही. काही जण मीडियममधून नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात. सिरम असेल तर फेस होतो, प्रथिनं खराब होतात आणि कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन पीएच चढतो, म्हणून ती वाट नकोच. पेशी आदल्या दिवशी साध्या इन्क्युबेटरमध्ये चिकटू द्या. शून्य तासाला जुनं मीडियम काढा आणि हे आधीच उतरवून ठेवलेलं मीडियम घाला. मग घड्याळ सुरू करा. मधेच मीडियम बदलायची वेळ आली तरी हेच मीडियम वापरा. हुडमधल्या (निर्जंतुक कामाच्या कपाटातल्या) बाटलीतलं ताजं मीडियम घातलं की पेशींना तासभर तरी १८० मायक्रोमोलरचा झटका बसतो आणि प्रयोग तिथेच मोडतो.

आता पट्टीकडे येऊ. हिफ-१ अल्फा पेशीत सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज एंझाइम त्याच्या ४०२ आणि ५६४ क्रमांकाच्या प्रोलीनवर खूण करतात, व्हीएचएल प्रथिन ती खूण ओळखतं आणि सगळं प्रोटिअसोमकडे (पेशीतली प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेकडे) रवाना होतं. याच यंत्रणेच्या शोधासाठी २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळालं. तुमच्या कामासाठी यातली महत्त्वाची गोष्ट एकच: ऑक्सिजन परत मिळाला की हिफ-१ अल्फाचं अर्धायुष्य पाच मिनिटांहून कमी असतं. प्लेट काढली, हुडपर्यंत नेली, मीडियम शोषलं, फॉस्फेट बफरने दोनदा धुतलं, स्क्रेपर शोधला. एवढ्यात पट्टी गेली. ज्या दिवशी हात भराभर चालले त्या दिवशी ती आली.

म्हणून काढणी अशी करा. लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) आधीच तयार, भांड्यात मोजलेला असू द्या: २ टक्के एसडीएस (प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट) असलेला ट्रिस बफर, ९५ अंशांवर गरम, वेलमागे १५० मायक्रोलिटर. त्यात डीटीटी आणि निळा रंग अजून घालू नका, कारण ते असले की बीसीए पद्धतीने प्रथिन मोजता येत नाही. एका वेळी एकच प्लेट काढा. मीडियम एका झटक्यात ओतून द्या, धुऊ नका, टिश्यूवर प्लेट उलटी टेकवा आणि गरम बफर घाला. दार उघडल्यापासून बफर पडेपर्यंत एक मिनिटाच्या आत. एसडीएसने सगळी एंझाइमं जागच्या जागी थांबतात, पुढचं खरवडणं मग शांतपणे करता येतं. चिकट डीएनए २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढून तोडा. प्रथिन मोजून झाल्यावर डीटीटी आणि रंग घाला. साध्या आरआयपीए बफरनेच काम करायचं असेल तर ते बर्फगार ठेवा आणि त्यात १०० मायक्रोमोलर कोबाल्ट क्लोराइड किंवा १ मिलिमोलर डीएमओजी घाला, म्हणजे लायसिस चालू असताना हायड्रॉक्सिलेज दबलेले राहतात. पेटीला हातमोजे असतील आणि आत काम करता येत असेल तर लायसिस आतच उरका.

जेल ७.५ किंवा ८ टक्क्यांचं घ्या, लेनमागे ४० ते ५० मायक्रोग्रॅम प्रथिन भरा. अमिनो आम्लांच्या हिशेबाने हिफ-१ अल्फा ९३ किलोडाल्टनचं भरतं, पण जेलवर ते ११० ते १२० च्या दरम्यान दिसतं. ९० जवळची पट्टी दिसली म्हणून आनंदून जाऊ नका. पॉझिटिव्ह कंट्रोल हवाच: साध्या इन्क्युबेटरमध्ये १ मिलिमोलर डीएमओजी, सहा तास. त्यात पट्टी आली आणि हायपॉक्सियात आली नाही, तर ब्लॉट बरोबर आहे, हायपॉक्सिया किंवा काढणी चुकली.

२४ तास हा एकच बिंदू घेणं ही आणखी एक अडचण. बऱ्याच पेशींमध्ये हिफ-१ अल्फा चार ते आठ तासांत शिखरावर जातं आणि मग उतरतं. ज्या हायड्रॉक्सिलेजमुळे ते नष्ट होतं, त्यांतल्या दोघांची जनुकं हिफ स्वतःच चालू करतं. वरून पेशींचा श्वसनदर कमी झाला की तळाशी थोडा ऑक्सिजन उरायला लागतो. ४, ८, १६ आणि २४ तास घ्या, आणि प्रत्येक वेळेसाठी वेगळी बंद पेटी ठेवा. एका पेटीतून चार तासांची प्लेट काढायला दार उघडलं की आतल्या बाकी तिन्ही प्लेटींना ऑक्सिजनचा घोट मिळतो. २४ तासांनंतरचा पुरावा प्रथिनापेक्षा जनुकांच्या पातळीवर जास्त भरवशाचा मिळतो, हिफ चालू करतं त्या जनुकांतून: सीए९, ग्लुट१, व्हीईजीएफ-ए. मात्र क्यूपीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे ते मोजायच्या पद्धतीत) संदर्भ म्हणून जीएपीडीएच वापरू नका, ते हायपॉक्सियात स्वतःच वाढतं. आरपीएलपी० किंवा टीबीपी घ्या, आणि तुमच्या पेशींत ते स्थिर राहतं का ते आधी पाहा.

कोबाल्ट क्लोराइड किंवा डेफेरॉक्सामाइन घालून ‘हायपॉक्सिया केला’ असं लिहू नये. त्यांनी हिफ टिकतं, ऑक्सिजन कमी होत नाही. कंट्रोल म्हणून ती उत्तम आहेत, पर्याय म्हणून नाहीत.

मोजमापाच्या पद्धतींमध्येही ऑक्सिजन लपलेला असतो. एमटीटी या जिवंत पेशी मोजायच्या चाचणीचा जांभळा रंग पेशीच्या चयापचयातून येतो, त्यामुळे हायपॉक्सियात पेशी जिवंत असूनही रंग फिका येऊ शकतो. ट्रिपॅन ब्लू घालून मोजा किंवा क्रिस्टल व्हायोलेट वापरा. जनुक चालू आहे हे चमकून दाखवणाऱ्या रिपोर्टर प्रथिनांचंही तेच: जीएफपी चमकायला लागण्याआधी त्याच्या रंगगटाला ऑक्सिजन लागतो, लुसिफरेजच्या अभिक्रियेलाही लागतो. रिपोर्टर मंदावला म्हणजे जनुक मंदावलं असं नाही. मीडियम पिवळं पडणंही दुर्लक्षू नका. हायपॉक्सियात लॅक्टेट जास्त साचतं, आणि आम्लतेचा परिणाम ऑक्सिजनच्या खात्यावर लिहिला जातो. शेवटी पीएच मोजून नोंदवा.

पेशींपाशी खरोखर किती ऑक्सिजन आहे हे मोजता आलं तर सगळ्यांत चांगलं. त्यासाठी प्रतिदीप्ती शमनावर चालणारे ऑप्टिकल सेन्सर मिळतात: वेलच्या तळाला चिकटवायची बारीक टिकली आणि प्लेटच्या खालून वाचणारा प्रकाशतंतू. खर्च परवडत नसेल तर पिमोनिडॅझोल वापरा. १०० ते २०० मायक्रोमोलर, शेवटचे दोन तास. ते १० मि.मी.च्या खालीच पेशीतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे रंग आला म्हणजे पेशी त्या रेषेखाली होत्या एवढं नक्की. किती खाली, ते कळणार नाही.

आता गॅस आणि सोलापूरचा उन्हाळा. १६० लिटरच्या इन्क्युबेटरचं दार पूर्ण उघडून सगळी हवा बदलली, तर २०.९ वरून १ टक्क्यावर यायला पेटीच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ४९० लिटर नायट्रोजन लागतो. ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर अशा चौदा उघडझापींत संपतो. दिवसातून चारदा दार उघडणाऱ्या प्रयोगशाळेत सिलिंडर आठवडाभरही टिकत नाही. आत वेगळे छोटे दरवाजे असलेला इन्क्युबेटर असेल तर एकच उघडा. नाहीतर छोटी घट्ट बंद होणारी पेटी घ्या आणि १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ९४ टक्के नायट्रोजन असं तयार मिश्रण मागवा. मिनिटाला २० लिटरने पाच मिनिटं सोडा, क्लिप लावा, ३७ अंशांवर ठेवा, तासाभराने मीडियम आणि प्लॅस्टिकमधून निघालेला ऑक्सिजन घालवायला पुन्हा पाच मिनिटं सोडा. प्रयोगाला २०० लिटर, सिलिंडरला ३५ प्रयोग. विद्यार्थ्यांच्या कामाला हीच वाट परवडते. पेटीत निर्जंतुक पाण्याची उघडी डिश ठेवायला विसरू नका, सिलिंडरचा गॅस ठणठणीत कोरडा असतो.

पुरवठादाराकडून नायट्रोजन घेताना शुद्धता लेखी मागा. ९९.९ टक्के शुद्ध म्हणजे त्यात ०.१ टक्क्यापर्यंत ऑक्सिजन असू शकतो. १ टक्क्याच्या कामाला चालेल, ०.१ टक्क्याच्या कामाला अजिबात नाही. नळी सिलिकॉनची नको, तिच्यातून ऑक्सिजन आत शिरतो. नायलॉनची घ्या. जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघा. सेन्सर महिन्यातून एकदा बाहेरच्या हवेत आणि शुद्ध नायट्रोजनमध्ये, दोन्ही टोकांना तपासा. माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे ०.५ टक्के असेल, तर तुमचा १ टक्का अर्ध्यापासून दीडपर्यंत काहीही असू शकतो.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो. साध्या इन्क्युबेटरला गरम करता येतं, गार करता येत नाही. खोली ३२ अंशांच्या वर गेली की ३७ टिकवणं त्याच्या हातात राहत नाही. वीज गेली की एसी बंद, वाल्व बंद, गॅस बंद: तापमान आणि ऑक्सिजन दोन्ही हळूहळू चढतात आणि वीज आल्यावर पडदा पुन्हा निरागसपणे ३७ आणि १ दाखवतो. यूपीएस इन्क्युबेटरला लावा, आणि एसीची जोडणी जनरेटरवर आहे का ते विचारा. तापमान आणि ऑक्सिजन नोंदवणारा बॅटरीवरचा लॉगर आत ठेवा. रात्री दोन वाजता काय झालं ते सकाळी कळायलाच हवं. पाण्याच्या ट्रेमध्ये ऊर्ध्वपातित पाणीच घाला, बोअरच्या पाण्याचे क्षार सेन्सर आणि स्टील दोन्ही खातात. कोरड्या हवेत ट्रे लवकर आटतो, रोज पाहा.

एसी टिकावा म्हणून उन्हाळ्यात खोली बंद ठेवली जाते, आणि खरा धोका तिथे आहे. बारा चौरस मीटरच्या, तीन मीटर उंचीच्या बंद खोलीत एक पूर्ण सिलिंडर गळून गेला तर हवेतला ऑक्सिजन १७ टक्क्यांच्या आसपास येतो. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्याची जाणीवही तो होऊ देत नाही. भिंतीवर १९.५ टक्क्यांना वाजणारा ऑक्सिजन अलार्म लावा, सिलिंडर साखळीने बांधा, शक्यतो खोलीबाहेर ठेवून नळी आत आणा. रात्री एकट्या विद्यार्थ्याला सिलिंडर बदलायला लावू नका.

पुढचा प्रयोग असा लावा: वेलमागे हायपॉक्सिया सुरू करताना अडीच लाख पेशी, २ मि.ली. आधीच उतरवलेलं मीडियम, ४, ८, १६, २४ तासांच्या वेगळ्या पेट्या, १८.६ आणि ५ टक्क्यांचे दोन कंट्रोल, डीएमओजीची एक वेल, काढणी गरम एसडीएसने. नोंदवहीत पेशींची घनता, मीडियमची खोली, समतोलाची पद्धत आणि दार उघडल्यापासून लायसिसपर्यंतचे सेकंद लिहा. एवढं करूनही आठ तासांना पट्टी आली नाही, तर मग अँटिबॉडीचा लॉट नंबर काढून बघा.